कस्तूरीची डबी

आमच्या लहानपणीं देवघरांतील कस्तूरीची इवलीशी डबी आजीखेरीज कोणी उघडीत नसे. पुढें संस्कृत शिकवितांना, आपल्याच नाभींतला सुगंध रानभर हुडकीत फिरणाऱ्या मृगाचा दृष्टान्त आम्हीं मुलांस मोठ्या हौसेनें समजावून दिला. परंतु ती कस्तूरी डबीपर्यंत येते कशी, हें कधीं सांगितलें नाहीं, व कोणी विचारलेंही नाहीं.

कस्तूरी असते ती केवळ नरापाशीं. हिमालयांतील या बिनशिंगी, सुळे असलेल्या प्राण्याच्या पोटाखालील ग्रंथींत ती सुमारें २५ ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोस ४० नर हवेत. पण वाटेवर लाविलेला फांस नर-मादी पाहत नाहीं. त्यांत माद्या सांपडतात, पाडसें सांपडतात, आणि त्यांच्यापाशीं कस्तूरीचा कणही नसल्यामुळें तीं फुकट मरतात! एका उपयोगी नरामागें तीन ते पांच जीव जातात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या मृगास अभय दिलें. आंतरराष्ट्रीय करारानेंही भारत, नेपाळ व भूतान येथील कस्तूरीचा व्यापार बंद आहे. तरी चीनकडील औषधांस ती लागतेच, आणि चोरटी शिकार थांबत नाहीं.

वास्तविक अत्तरासाठीं तरी मृगाची गरज उरलेली नाहीं. त्या सुगंधद्रव्याची रचना रुझिका या रसायनशास्त्रज्ञानें १९२६ सालींच उलगडली, व अत्तरवाले आतां बहुतेक कृत्रिमावरच भागवितात. आमच्या आजीच्या डबींत सध्यां लताकस्तूरीचें बीं आहे. सूनबाई गंधांत त्याचे दोन दाणे कुटून घालितात. वास जरा सौम्य येतो, इतकेंच.