एक मिलिलिटरचा जोर

चितेगावहून पैठण रस्त्याने शहरात डायलिसिसला जायचं, तर जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर धरा. आठवड्याला तीनदा म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या, सहा हजार किलोमीटरच्या वर. तरी खरा प्रवास घडतो तो रक्ताला. मशीनचा पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त ओढतो, चार तासांत ७२ लिटर. अंगात असतं जेमतेम पाच लिटर. तेच चौदा वेळा फिरतं. वर्षाचे होतात सव्वाअकरा हजार लिटर. मराठवाड्यात उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा, त्याहूनही जास्त.

मनगटाजवळची धमनी एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटरच वाहते. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि सहकाऱ्यांनी तीच धमनी शेजारच्या शिरेला जोडली आणि १९६६ साली ते जगापुढे मांडलं. हाच फिस्टुला. तो नीट तयार झाला की मिनिटाला ६०० मिलिलिटर, कधी हजाराच्याही वर. शीर सहा मिलिमीटरपर्यंत रुंदावते आणि दर वेळी दोन या हिशेबानं वर्षाला ३१२ सुया सोसते. पण धमनीचा जोर झेलायला ती बनलेलीच नसते. आतून जाड होत जाते, जागोजागी आवळते.

सहाचे तीन मिलिमीटर झाले, तर निम्माच फरक पडला असं वाटतं. पाइपातल्या प्रवाहाचं गणित मात्र चौथ्या घाताचं आहे: तेवढ्या तुकड्याचा विरोध सोळापट होतो. फिस्टुलावर बोट ठेवल्यावर जाणवणारी थरथर मंदावते, मशीन अलार्म देऊ लागतं.

मग आवळलेली जागा आतून उघडायला फुगा. सहा मिलिमीटर जाड, चार सेंटिमीटर लांब. त्यात मावतं साधारण एक मिलिलिटर. तेही हवा नव्हे, एक्स-रेत दिसणारं औषध मिसळलेलं सलाईन, कारण फुगा फुटला तर रक्तात हवा जायला नको. दाब मात्र २० ॲटमॉस्फिअर, हट्टी जागी त्याहून जास्त. बीपीच्या मापात १५,२००. म्हणजे १२०च्या सव्वाशेपट! असं मिनिट-दोन मिनिटं. पडद्यावर फुग्याच्या कमरेला पडलेली खाच नाहीशी झाली की डॉक्टर निश्चिंत.

मला मात्र याहून चक्रावून टाकतात ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ३३० रुग्णांच्या चाचणीतले आकडे. साध्या फुग्यानं उघडलेली जागा सहा महिन्यांनंतरही पुन्हा हात न लावता टिकली ती ५९.५ टक्के जणांत. पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या फुग्यानं ८२.२ टक्के. सुधारणा मोठीच, पण महागड्या फुग्यानंतरही पाचांतल्या जवळपास एकाची शीर सहा महिन्यांत पुन्हा आवळलेली.