घाटावरचे प्रश्न

घरात मृत्यू घडला की शोकाला सवड मिळण्यापूर्वीच तजवीज दाराशी उभी राहते. आणि नागपुरात अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, मानकापूर यांपैकी कोणता घाट, हा पहिला प्रश्न बहुधा घराच्या अंतरावरूनच सुटतो. खरा विचारणीय प्रश्न सरणाचा. एका देहास साधारणतः 300 किलो लाकूड लागते, आणि श्रावणातल्या झडीत ते ओले निघाले म्हणजे धुराने डोळे चोळणाऱ्या आप्तांची जी त्रेधा उडते, ती पाहिलेल्यास या शहरात रुजलेल्या मोक्षकाष्ठाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. शेतातला काडीकचरा यंत्रात दाबून केलेल्या या कोरड्या, गोल कांड्या सरणावर लाकडासारख्याच रचतात. मंत्राग्नी, प्रदक्षिणा, कपालक्रिया, कशातही उणे येत नाही. शास्त्रार्थ काढणाऱ्यांनी एकदा हे समक्ष पाहावे!

मुलीने अग्नी द्यावा काय, असे अजूनही कोणी दबक्या आवाजात विचारतो. कायद्याची त्यास मुळीच आडकाठी नाही. मृताच्या छातीत पेसमेकर असेल तर मात्र तो दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण उष्णतेने त्याचा स्फोट होतो. अस्थींसाठी पुष्कळ कुटुंबे रामटेकचा अंबाळा तलाव गाठतात.

राहता राहिले दप्तर. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला हाती घेतल्यावाचून घाटाकडे निघू नये; 1969 च्या कायद्यान्वये मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते.