‘अ‍ॅक्शन’ कुणी म्हणायचं?

सेटवर ‘अ‍ॅक्शन’ची आरोळी एकाच तोंडून निघावी, हा सिनेमाच्या धंद्यातला जुना दंडक. अमेरिकेत तर दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियमच आहे: एका चित्रपटाला एक दिग्दर्शक. जोडीनं नाव लावायचं तर संघटनेची खास परवानगी काढावी लागते. कोएन बंधू १९८४ पासून एकत्र सिनेमे करत होते, पण दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं पहिल्यांदा झळकली ती थेट २००४ मध्ये. तोवर पडद्यावर एकटा जोएल.

अशा दुनियेत ब्रसेल्सच्या सिंट-लुकास फिल्म स्कूलमध्ये भेटलेली मोरोक्कन वंशाची दोन बेल्जियन पोरं शिरली. आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह. शिकता शिकताच जमलेली ही जोडी पुढे फुटलीच नाही. २०११ मध्ये त्यांनी ‘ब्रूडर्स’ हा लघुपट केला. या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. हे दोघं मात्र सख्खे भाऊ नाहीत!

खरा धक्का २०१५ च्या ‘ब्लॅक’नं दिला. ब्रसेल्समधल्या दोन टोळ्या आणि त्यांच्या वैरात सापडलेली कोवळी प्रेमकहाणी. एका टोळीचं नाव ‘१०८०’, म्हणजे मोलेनबीक वस्तीचा पिनकोड. मुख्य भूमिकांत नवखी पोरं. गोष्ट रोमिओ-ज्युलिएटचीच, पण कॅमेरा असा अंगावर येतो की जुनेपणा जाणवायला उसंतच मिळत नाही. टोरांटो महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढची दारं उघडली. २०१७ मध्ये ‘स्नोफॉल’ या अमेरिकन मालिकेचे सुरुवातीचे भाग आणि २०२० मध्ये विल स्मिथचा ‘बॅड बॉईज फॉर लाइफ’. आधीचे दोन भाग दिग्दर्शक मायकल बेचे. या तिसऱ्या भागात तो स्वतः क्षणभर पडद्यावर दिसतो. गल्ला ४२ कोटी डॉलरच्या वर!

मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. ‘ब्लॅक’चा छायाचित्रकार रोब्रेख्त हेवार्ट, ‘बॅड बॉईज’चाही तोच. पैसा कित्येक पटींनी वाढला, तरी डोळा ब्रसेल्सचाच राहिला. हॉलिवूडनं या दोघांना बोलावलं आणि ते आपला माणूस सोबत घेऊन गेले.

घसरगुंडीही झालीच. त्यांच्या ‘बॅटगर्ल’ या चित्रपटाचं चित्रीकरण पूर्ण झालं होतं, सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टुडिओनं तो प्रदर्शितच न करण्याचं ठरवलं. ही बातमी आली तेव्हा दोघं आदिलच्या लग्नासाठी मोरोक्कोत होते. एकट्या दिग्दर्शकाला असा घाव पचवणं किती जड गेलं असतं! हे दोघं २०२४ मध्ये ‘बॅड बॉईज’चा चौथा भाग घेऊन परतले, त्यानंही ४० कोटी डॉलरचा पल्ला गाठला.

‘बॅड बॉईज’ तुम्ही पाहिला असेलच. आता ‘ब्लॅक’ शोधून पाहा. दोघांपैकी तोच सरस आहे. हिंसा मात्र बोचरी आहे, घरातल्या लहान मुलांसोबत लावू नका.