फुटबॉलमधल्या हवेवर चालणारा हात

मित्रांनो, शाळेत प्रार्थनेला वाजणारी पेटी तुम्ही रोज ऐकता. पण ती आतून कधी पाहिली आहे का? वाजवणारा डाव्या हाताने भाता हलवतो, तेव्हा हवा आत ढकलली जाते. आत आणखी एक भाता असतो. तो ही हवा साठवून ठेवतो आणि त्याला लावलेल्या स्प्रिंगा तिच्यावर एकसारखा दाब देतात. म्हणून हात जरा थांबला, तरी सूर लगेच तुटत नाही. पट्टी दाबली की हवेला वाट मोकळी होते, हवा धातूच्या पातळ पत्तीवरून जाते आणि सूर निघतो.

म्हणजे पेटीत चार गोष्टी आहेत: हवा भरणारा पंप, ती साठवणारी जागा, वाट उघडणारी-बंद करणारी चावी आणि काम करणारा भाग. दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्रात हीच चौकडी असते. एस.टी. थांबताना 'फुस्स' आवाज येतो ना? तिथेही हीच. आज आपण याच चौकडीतून यंत्रमानवाचा, म्हणजे रोबोचा, एक हात बनवणार आहोत. हवा साठवायला लागेल एक फुटबॉल!

हवेला कामाला लावणारे

ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात पहिल्या शतकात हीरो नावाचा एक हुशार माणूस होऊन गेला. त्याने देवळाची दारे आपोआप उघडण्याची युक्ती लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालच्या भांड्यातली हवा तापून फुगायची आणि पाणी एका बादलीत ढकलायची. बादली जड होऊन खाली गेली की तिला बांधलेल्या दोरांनी दारे उघडायची. बघणाऱ्यांना वाटे, देवच दार उघडतो आहे!

अमेरिकेत जोसेफ मॅककिबेन या शास्त्रज्ञाच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्या हातांतली शक्ती गेली. तिच्यासाठी त्यांनी १९५० च्या दशकात कृत्रिम स्नायू तयार केला. रबरी नळी आणि तिच्यावर विणलेली जाळी, एवढाच तो स्नायू. आत वायू भरला की तो जाड होतो आणि लांबीला आखूड होतो, अगदी आपल्या दंडाच्या बेडकीसारखा. आजही असे स्नायू रोबोंमध्ये वापरतात. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मऊ रबराचा चार पायांचा रोबो केला. तो काचेखालच्या अरुंद फटीतून अंग चपटे करून सरपटत गेला. त्यासाठी वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी जादा दाब पुरला.

दाब वाढवू की दट्ट्या?

आता मुख्य मुद्दा. हवेच्या यंत्राबद्दल सांगायला लागलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, जोरात हवा भरली तर जास्त वजन उचलेल ना?"

उचलेल. पण जोर वाढवायची आणखी एक वाट आहे, आणि ती जास्त शहाणपणाची आहे. सोपे गणित बघा:

जोर = दाब × दट्ट्याचे क्षेत्रफळ

२० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण २ सेंटीमीटर असतो, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो दाब दिला तर जोर मिळतो दीड किलोचा. ५० मिलीच्या सिरिंजचा व्यास साधारण २.८ सेंटीमीटर, क्षेत्रफळ सुमारे ६.२. दाब तोच, अर्धा किलो. पण जोर मिळाला तीन किलोंचा. दाब जराही न वाढवता जोर दुप्पट!

विश्वास बसत नसेल तर एक गंमत करा. १० मिलीची आणि ५० मिलीची सिरिंज एका नळीने जोडा. सगळ्यांत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. छोट्या सिरिंजवर घरातल्या धाकट्या बहिणीला बसवा आणि मोठ्या सिरिंजवर दादाला. दोघांनी एकाच वेळी दाबायचे. दादा तिच्या तिप्पट जोर लावेल तेव्हा कुठे सामना बरोबरीत सुटेल! हे न्हाणीघरात किंवा अंगणात करा, कारण नळी निसटली तर दोघांची आंघोळ होईल.

आता पाणी काढून हवेवर तेच करून पाहा. दट्ट्या स्प्रिंगसारखा मऊ लागेल. पाणी दाबून लहान होत नाही म्हणता येईल, हवा होते. या मऊपणामुळे हवेवरचा हात नाजूक वस्तू सांभाळून हाताळू शकतो. पण याच गुणामुळे दाबलेली हवा धोकादायकही ठरते.

पालकांनी आवर्जून वाचावे

दाबलेली हवा म्हणजे गुंडाळून ठेवलेली स्प्रिंग. २ लिटरच्या बाटलीत दर चौरस सेंटीमीटरला १ किलो जादा दाबाने हवा भरली, तर तिच्यात साधारण ८ किलोंचे ओझे १ मीटर उचलण्याएवढी शक्ती साठते. कारखान्यात ७ किलोंच्या आसपासचा दाब नेहमी वापरतात. त्याच बाटलीत तेवढा दाब भरला तर? दाब ७ पट, पण साठलेली शक्ती सुमारे २५ पट होते, म्हणजे २०० किलो १ मीटर उचलण्याएवढी. भांडे फुटले तर ही सगळी शक्ती एका क्षणात बाहेर पडते. म्हणूनच दाबाची भांडी तपासताना कारखान्यात त्यांत शक्यतो हवा न भरता पाणी भरतात.

तेव्हा काही नियम पक्के:

१. पाण्याच्या पी.व्ही.सी. पाइपात किंवा काचेच्या बाटलीत हवा कधीही दाबून भरायची नाही. हे पदार्थ फुटले की त्यांचे धारदार तुकडे उडतात.

२. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा वापरायची नाही. हातपंपच वापरायचा.

३. हवा अंगावर, कानात किंवा डोळ्यांवर सोडायची नाही. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवा.

४. सिरिंज नवी, बंद पाकिटातली आणि सुई नसलेलीच घ्यायची. दवाखान्यातली वापरलेली नको.

मग हवा साठवायची कशात? उत्तर मैदानावरच आहे. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे चेंडूत ०.६ ते १.१ वातावरण एवढा जादा दाब असतो, आणि १ वातावरण म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. आपल्याला हवा तेवढाच! शिवाय चेंडू लाथा खाण्यासाठीच बनवलेला असतो. पाच-साडेपाच लिटरची ही मजबूत, लवचीक टाकी आपल्याला आयती मिळते.

साहित्य

चांगल्या स्थितीतला फुटबॉल, दाब दाखवणारा हातपंप, चेंडूत हवा भरायच्या दोन सुया, २० मिलीची सिरिंज, औषधांच्या दुकानात मिळणारा 'थ्री-वे स्टॉपकॉक' आणि त्याला जोडायची 'एक्स्टेंशन लाइन', माशांच्या टाकीला लावतात ती बारीक नळी, तिच्यावर बसेल अशा जाड नळीचा बोटभर तुकडा, लाकडी फळी, १५ सेंटीमीटर उंच लाकडी खांब, ३० सेंटीमीटर लांब लाकडी पट्टी, छोटा ठोकळा, दोन छोट्या बिजागऱ्या, स्क्रू, बारीक तार, सुतळी, प्लॅस्टिकचे केबल टाय आणि ग्लिसरीन.

कृती

खांब फळीवर पक्का बसवा. त्याच्या माथ्यावर पट्टीचे एक टोक बिजागरीने जोडा, म्हणजे पट्टी वर-खाली हलेल. हा झाला हात. दुसऱ्या टोकाला वस्तू अडकवायला आकडा लावा.

सिरिंजच्या दट्ट्याला ग्लिसरीनचा एक थेंब लावा. खोबरेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगते. सिरिंज केबल टायने ठोकळ्याला बांधा आणि ठोकळा दुसऱ्या बिजागरीने फळीला जोडा. दट्ट्याचे वरचे टोक खांबापासून १० सेंटीमीटरवर पट्टीला स्क्रूने सैलसर अडकवा. हात वर जाताना सिरिंज थोडी कलते, म्हणून दोन्हीकडे हालचाल मोकळी हवी. शेवटी पट्टी आणि फळी यांच्यामध्ये सुतळी अशी बांधा की दट्ट्या ५ सेंटीमीटरच वर येईल. ही सुतळी विसरू नका! ती नसेल तर दट्ट्या गोळीसारखा बाहेर उडेल.

आता नळ्या. स्टॉपकॉकला तीन तोंडे असतात. एका तोंडाला एक्स्टेंशन लाइन लावून ती सिरिंजला जोडा. बारीक टोकावर माशांच्या टाकीची नळी चढवा. ती चेंडूकडे जाईल. तिसरे तोंड मोकळे ठेवा. नळीचे दुसरे टोक जाड नळीच्या तुकड्यात घट्ट बसवा आणि तो तुकडा एका सुईच्या आट्यांवर चढवा. सांध्यांवर तार आवळा.

स्टॉपकॉकच्या चावीवर बहुधा 'ऑफ' लिहिलेले असते. ते ज्या तोंडाकडे असेल, ते तोंड बंद. 'ऑफ' मोकळ्या तोंडाकडे केले की चेंडूतली हवा सिरिंजमध्ये जाईल आणि हात वर उचलला जाईल. 'ऑफ' चेंडूकडे केले की सिरिंजमधली हवा बाहेर जाईल आणि हात खाली येईल. चावी दोन तोंडांच्या मध्ये तिरकी ठेवली की सगळ्या वाटा बंद; हात आहे तिथेच थांबेल. 'ऑफ' सिरिंजकडे मात्र करू नका, चेंडूतली हवा फुकट जाईल.

आता दुसऱ्या सुईने चेंडूत पंपाच्या काट्यावर १२ दिसेपर्यंत हवा भरा. म्हणजे साधारण ०.८ किलो दाब झाला. पंपाची सुई काढा, 'ऑफ' चेंडूकडे आहे ना ते बघा, आणि नळीची सुई ओली करून चेंडूत घाला. सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे.

आकड्याला पाव किलो साखरेची पिशवी लावा. चावी फिरवा... उचललं की नाही?

हिशेब जुळवून पाहू

०.८ किलो दाब गुणिले ३.१ चौरस सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोंचा जोर. पण सिरिंज खांबापासून १० सेंटीमीटरवर आहे आणि आकडा ३० सेंटीमीटरवर. त्यामुळे आकडा तिप्पट उंच जातो, जोर मात्र एक-तृतीयांश, म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास उरतो. त्यातला काही घर्षणात आणि पट्टीच्या वजनात जातो. तरी पाव किलोला पुरून उरतो.

दाब ०.८ वरून ०.५ वर येईपर्यंत चेंडूतून सुमारे दीड लिटर हवा बाहेर पडते. प्रत्येक उचलीला, नळी धरून, तीसेक मिलीलिटर हवा लागते. म्हणजे एकदा भरलेल्या चेंडूवर हात जवळजवळ ५० वेळा उचलायला हवा. तुमचा किती वेळा उचलतो ते मोजा. कमी भरला तर गळती शोधा. जास्त वजन उचलायचे असेल तर काय कराल? बरोबर! पंप मारत बसू नका. मोठी सिरिंज लावा आणि तिच्या मापाने खांब उंच करा.

चावी हाताने न फिरवता विजेवर चालवायची असेल, तर घरातले रक्तदाब मोजायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आठवा. त्यात छोटा पंप, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह आणि दाब ओळखणारा सेन्सर असतो. म्हणजे आपलीच चौकडी, वर एक छोटा मेंदू! असे छोटे पंप आणि व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. ते कंट्रोलरच्या पिनेला थेट मात्र जोडू नका. मध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड लागतो. हे काम जाणत्या माणसाला सोबत घेऊन करा.

जाता जाता एक कोडे

चेंडूतली हवा अचानक गेली, तर आपला हात धप्पकन खाली पडेल. म्हणून हाताखाली कधी बोटे ठेवू नका. पण हाच प्रश्न आगगाडीला पडला तर? जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये त्याचे फार सुंदर उत्तर शोधले. त्यांच्या रचनेत गाडीभर जाणाऱ्या नळीत हवेचा दाब आहे, तोपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबे तुटले, काहीही होऊन हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतात. डब्यातली धोक्याची साखळी ओढली की गाडी थांबते, तीही याच तत्त्वावर. साखळी नळीतली हवा बाहेर सोडते.

आता तुम्ही डोके चालवा. हवा गेली तर आपला हात खाली न पडता वरच राहील, अशी रचना कशी कराल? एक इशारा देतो: सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कामाला येईल. चला तर मग, फुटबॉल शोधा. आणि खेळायला निघालेल्या मित्रांना सांगा, आज चेंडूला दुसरं काम आहे!