अत्यवस्थ रुग्णाच्या नीलांतील गुठळीचा शोध

मंदावलेला प्रवाह, वाहिनीच्या भित्तीला झालेली इजा आणि रक्ताची वाढलेली साकळण्याची प्रवृत्ती ही नीलांत गुठळी होण्याची तीन कारणे होत. अत्यवस्थ रुग्णाच्या ठायी ती बहुधा एकवटतात. शिवाय गुंगीत असल्याने तो पायातील वेदना सांगू शकत नाही. मांडीतील गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यूही ओढवतो.

अशा रुग्णास हलविणे धोक्याचे असल्याने श्राव्यातीत ध्वनीचे यंत्रच खाटेशी आणतात. जांघेत व गुडघ्यामागे त्वचेवर यंत्राची शोधनी टेकवून दाबली असता निरोगी नीला पूर्णपणे चेपते. शेजारची रोहिणी मात्र स्पंदत राहते. नीला चेपली नाही, तर आत गुठळी आहे असे समजतात. ताजी गुठळी प्रवाही रक्ताप्रमाणेच काळी दिसू शकते. म्हणून केवळ पाहणे पुरेसे नसून दाबणे अगत्याचे ठरते. ओटीपोटातील खोल नीलांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,७०० हून अधिक अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात प्रतिबंधक हेपारिन देऊनही ५ ते ६ टक्के रुग्णांच्या पायांतील वरच्या नीलांत गुठळी आढळली. तेव्हा औषध चालू आहे एवढ्यावर विसंबू नये. शंका कायम असल्यास निर्दोष ठरलेली तपासणीही काही दिवसांनी पुन्हा करणे इष्ट होय.