मांजरालाही होते ‘शुगर’. पण आजोबांचे इन्सुलिन परस्पर टोचू नका

नाशिक, प्रतिनिधी : कांद्याची चाळ असो की धान्याची कोठी, उंदीर आवरायला घरात एक मांजर लागतेच. निफाड, येवला, चांदवडकडच्या वस्त्यांवर तर मांजर मुद्दाम कुणी पाळत नाही, ते असतेच. हेच मांजर एखाद्या दिवशी गुरांच्या हौदावर सारखे पाणी पिताना दिसते. खाते भरपूर, पण पाठीचा कणा हाताला लागतो. त्याने लघवी केलेल्या जागी मुंग्यांची रांग लागते. घरातली म्हातारी माणसे लगेच म्हणतात, “याला शुगर झाली की काय?”

त्यांचा अंदाज खरा असू शकतो. मांजराला मधुमेह होतो, त्यावर उपचार आहेत आणि रोजची बरीचशी काळजी घरीच घेता येते. मात्र घरात माणसाचे इन्सुलिन आहे म्हणून तेच अंदाजाने टोचले, तर मांजर काही तासांत दगावू शकते. त्यामुळे सुई हातात घेण्याआधी पुढची माहिती नीट वाचावी.

मुंग्या खूण आहे, निदान नाही

निरोगी मांजराच्या रक्तातली साखर साधारण 80 ते 120 च्या आसपास असते. ती अंदाजे 270 च्या वर गेली की लघवीतून बाहेर पडू लागते. साखर जाताना सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि तहानही वाढते. पोटात अन्न जाते, पण त्यातली साखर अंगी लागत नाही, म्हणून मांजर खाऊनही वाळते. काही मांजरांचे मागचे पाय कमजोर होतात आणि ती मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालतात. ही खूण दिसली तर थांबू नये.

पाणी किती पिते हे मोजणे अवघड नाही. सकाळी वाटीत मापून पाणी ठेवावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. हौद आणि बादल्या तेवढा दिवस झाकाव्यात. चार किलोचे मांजर दिवसाला पाव लिटरच्या आतच पाणी पिते. ते 400 मिलीपर्यंत जात असेल, तर तपासणी हवीच.

पण जास्त तहान मूत्रपिंडाच्या आजारातही लागते आणि थायरॉइड वाढल्यावर मांजर खाऊनही वाळते. म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही तपासावे लागते. दुसरी अडचण अशी की पिशवीत कोंबून, मोटारसायकलवर दवाखान्यात आणलेले मांजर भेदरलेले असते. नुसत्या भीतीने त्याची साखर 300 पर्यंत जाऊ शकते. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी सांगतात. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतली साखर कळते.

कोणत्या मांजरांना धोका जास्त

शेतात फिरून उंदीर मारून खाणाऱ्या सडसडीत मांजराला हा आजार सहसा होत नाही. घरात बसून दूध-पोळी खाणारे, लठ्ठ झालेले, सात-आठ वर्षांच्या पुढचे मांजर, त्यातही नसबंदी केलेला बोका, यांना धोका जास्त. याचा अर्थ नसबंदी करू नये असा नाही. ती केल्यावर खाणे मापात ठेवावे, एवढाच.

आणखी एक कारण लक्षात येत नाही. खाज किंवा सूज यासाठी वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर मधुमेह उद्भवू शकतो. पूर्वी असे औषध दिले असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

एका टोपणाच्या रंगाने जीव जातो

मधुमेही मांजराला बहुतेक वेळा दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते. डॉक्टर बऱ्याचदा माणसांसाठीचेच ग्लार्जिनसारखे लांब काम करणारे इन्सुलिन लिहून देतात. मग घरातले का नको, असा प्रश्न येतो. उत्तर दोन गोष्टींत आहे, प्रकार आणि माप.

इन्सुलिनचे प्रकार वेगवेगळे असतात. काही पटकन काम करतात, काही हळू, काही दोन्हींचे मिश्रण. आजोबांचे इन्सुलिन मांजराला चालेलच असे नाही. शिवाय एका वेळी 15-20 युनिट घेणारी माणसे असतात, तर मांजराची सुरुवात बहुधा एक युनिटच्या आसपास होते. नेमका आकडा डॉक्टरच ठरवतात.

आता माप. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीवर 40 लिहिलेले असते, म्हणजे एक मिलीत 40 युनिट. दुसरीवर 100, म्हणजे एक मिलीत 100 युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. 100 च्या बाटलीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने एका युनिटच्या खुणेपर्यंत ओढले, तर मांजराला एक नव्हे, अडीच युनिट जातात. उलटे केले तर जेमतेम 0.4 युनिट जाते आणि साखर खाली येत नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहावा. मेडिकलवाल्याने दुसरी सिरिंज दिली तर बदलून घ्यावी.

माणसांच्या शुगरच्या गोळ्याही देऊ नयेत. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आता बऱ्याच घरांत असतात. त्याच जातीचे, पण खास मांजरासाठीचे औषध अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झाले. तेही निवडक मांजरांनाच आणि रक्त तपासून देतात, कारण चुकीच्या मांजराला ते जिवावर बेतते. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही.

धारेची वेळ हीच सुईची वेळ

दोन सुयांत साधारण 12 तासांचे अंतर लागते. ज्यांच्या गोठ्यात दुभती गाय आहे त्यांना हे सोपे जाते. सकाळची धार आणि संध्याकाळची धार, त्याच वेळेला मांजराचे खाणे आणि सुई.

आधी खायला द्यावे. खाल्ले तरच सुई. मांजर खात नसेल किंवा उलटी करत असेल, तर नेहमीचा डोस देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. एक सुई चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. सुई हलली, औषध अंगावर सांडले, गेले की नाही कळले नाही, तरी दुसऱ्यांदा टोचू नये. एक वेळ कमी पडले तर निभावते, जास्त झाले तर नाही.

सुई कातडीखाली द्यायची असते. कुशीवरची किंवा खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्या घडीत टोचावे. पहिल्या वेळी डॉक्टरांसमोर करून पाहावे. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत, जाड प्लास्टिकच्या बाटलीत टोपण लावून ठेवाव्यात आणि दवाखान्यात द्याव्यात. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

इन्सुलिन फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले म्हणून समजावे. लाइट जास्त वेळ गेली, तर बाटली कोरड्या डबीत घालून माठाशेजारी गारव्याला ठेवावी. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. ग्लार्जिनची बाटली फोडल्यावर 28 दिवसांनी बदलावी. झाकणावर तारीख लिहून ठेवली की विसर पडत नाही.

काय घालावे, काय नाही

मांजर मुळात मांस खाणारा प्राणी आहे. भाकरी, पोळी, भात, बिस्किट यांनी त्याची साखर चढते. दुधातही साखर असते. मधुमेही मांजराला उकडलेले चिकन, अंडे, काटे काढलेली शिजवलेली मासळी असे खाणे सोसते. मात्र रोज नुसते चिकनच दिले तर टॉरिन नावाचा घटक आणि कॅल्शियम कमी पडते. टॉरिन कमी पडले की हृदय आणि डोळे बिघडतात. म्हणून मांजरासाठी मिळणारे ओले तयार खाद्य परवडेल तेवढे सोबत द्यावे. कोरड्या दाण्यांत पिठूळ भाग जास्त असतो.

आपल्या भागासाठी खास सूचना म्हणजे कांदा. लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात प्रत्येक रश्श्यात तो असतो, पण कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत. त्यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्यामुळे मसाला घालण्याआधीच मांजराचा वाटा वेगळा काढावा.

लठ्ठ मांजराला बारीक करायचे म्हणून उपाशी ठेवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतावर चरबी चढून ते मरू शकते. वजन महिन्या-महिन्याने हळूहळू उतरवावे. खाणे बदलताना डॉक्टरांना सांगणेही गरजेचे, कारण पिठूळ खाणे बंद झाले की इन्सुलिन कमी लागते आणि जुनाच डोस जास्त होतो.

साखर उतरली तर पहिली दहा मिनिटे

इन्सुलिन जास्त झाले की मांजर झोकांड्या खाते, थरथरते, एकटक बघते, एकदम सुस्त पडते किंवा त्याला झटके येतात. साखर 60 च्या खाली गेली की हा धोका असतो. अशा वेळी मोजत बसू नये. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळावी. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. झटके चालू असताना बोट दातांत देऊ नये. सावरले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण इन्सुलिनचा अंमल काही तास चालतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

उलट बाजूचा धोकाही आहे. मधुमेही मांजराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला, तर रक्तात आम्ल वाढल्याची ती लक्षणे आहेत. इथे घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी सलाइन लागते.

कुठे जावे

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचे काम गुराढोरांचे असते, तरी पहिली तपासणी आणि सल्ला तिथे विचारावा. पुढचा उपचार नाशिक शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत होतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे.

घरी माणसाचा ग्लुकोमीटर असेल तर मांजराच्या कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्तावर साखर मोजता येते. हे यंत्र मांजराची साखर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवते, म्हणून आकडा पाहून स्वतः डोस बदलू नये, डॉक्टरांना कळवावा. एका वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : खाल्ले किती, पाणी किती, सुई किती वाजता, किती युनिट. डॉक्टरांना फोनवर सल्ला द्यायला ही वही फार उपयोगी पडते.

लवकर उपचार सुरू झाले आणि खाणे सुधारले, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही होते. म्हणून मुंग्या लागल्यावर महिनाभर वाट पाहू नये. सुईची वेळ घरातल्या एकाच माणसाने सांभाळावी. दोघांनी दोनदा टोचले, असे घडता कामा नये.