डब्यालाही थंडी वाजते

जानेवारीची पहाट. हरिश्चंद्रगडावर रात्रीतून पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला. तंबूबाहेर चहाचं आधण ठेवलंय. सुरुवातीला निळी ज्योत चांगली फुरफुरत असते, पण पाण्याला जेमतेम बुडबुडे येतात तोवर ती बारीक होत जाते. कुणीतरी शेगडी बंद करून डबा कानाशी हलवतं. आत द्रव डुचमळतोय, म्हणजे गॅस संपलेला नाही. मग शेगडीच भिकार निघाली असं ठरतं आणि विकणाऱ्याचा उद्धार सुरू होतो. शेगडी बिचारी ठणठणीत असते. थंडी डब्याला वाजलेली असते.

डब्यात गॅस असतो असं आपण म्हणतो खरं, पण आत बहुतांश असतो तो दाबाखाली द्रव झालेला ब्युटेन. उणे अर्ध्या अंशाला तो उकळतो. झडप उघडली की या द्रवाची वाफ होऊन बर्नरकडे जाते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता तो स्वतःतून, पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं चालू शेगडीचा डबाही गार होतो. दमट हवेत हे डोळ्यांना दिसतं: द्रव जिथवर आहे बरोबर तिथवर पत्र्यावर दव धरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. बाहेर पाच अंश असताना डबा आणखी चार-पाच अंश उतरला, की ब्युटेनची वाफ होणं जवळजवळ थांबतं आणि ज्योत मान टाकते.

यावर उत्पादकांनी काढलेला उपाय म्हणजे मिश्रण. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन तर उणे ४२ला. हिमालयात वापरायच्या स्क्रूच्या बुटक्या डब्यांत हे दोन्ही कमीअधिक प्रमाणात असतात. दुकानांत स्वस्तात मिळणारा, केसांवर मारायच्या स्प्रेसारखा लांबोडका डबा बहुधा निव्वळ ब्युटेनचा असतो. मे महिन्यात राजगडावर तो झकास चालतो, पण स्पितीत त्याच्यावर विसंबणाऱ्याच्या नशिबी कोरडे पोहे. मिश्रणातही एक गोम आहे. प्रोपेन आधी उडून जातो, त्यामुळे कडक थंडीत अर्ध्याहून जास्त वापरलेला डबा नव्याइतका जोर धरत नाही. उपाय साधा आहे: रात्री डबा झोपायच्या पिशवीत घ्यायचा आणि सकाळी ताटलीत हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन त्यात उभा करायचा. हाताला सोसेल इतकं, म्हणजे खरोखरच तितकं. दुसऱ्या ज्योतीवर डबा शेकवणारे वीर गडांवर भेटतात. त्यांच्यापासून लांब बसावं.

स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२ साली काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो बनवला. तोच प्रायमस १९११ला अमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि आपल्याकडे घराघरांत पंप मारून, पिन घालून तो पेटत राहिला. त्याला थंडीची तमा नव्हती, कारण दाब माणूस हातानं भरायचा. गॅसच्या शेगडीत हा दाब हवामानाच्या हाती गेला. तिच्या वापरातले जवळजवळ सगळे नियम इथूनच निघतात, कारण जो डबा थंडीत रुसतो तोच उष्णतेत भडकतो.

वारा अडवायला शेगडीभोवती दगड रचायची आपली सवय चुलीच्या काळातली. डब्यावरच बसणाऱ्या शेगडीला चारही बाजूंनी असं कोंडलं, की बर्नरची धग खाली परतते आणि डबा तापू लागतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूनं करावा, बाकी मोकळं ठेवावं आणि अधूनमधून डब्याला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद.

आडव्या डब्याच्या चपट्या शेगडीत संकट वेगळ्या वाटेनं येतं. थालीपिठाचा मोठा बिडाचा तवा ठेवला, की तो डब्याच्या कप्प्यावरही पसरतो आणि वरून डबा भाजत राहतो. बऱ्याच शेगड्यांत दाब वाढला की डबा आपोआप सुटून ज्योत विझते. तेव्हा डबा अडकवायचा दांडा पुन्हा दाबून धरण्याऐवजी तवा बदलावा. या डब्याच्या गळ्यापाशी एक खाच असते, ती शेगडीतल्या खुणेशी जुळवूनच डबा बसवायचा. कारण आतल्या नळीचं तोंड वरच्या बाजूला, वाफेत राहायला हवं. ते खाली गेलं तर बर्नरपर्यंत द्रवच पोचतो आणि ज्योत हातभर भडकते.

सगळ्यात घातक काटकसर म्हणजे रिकाम्या डब्यात घरच्या सिलिंडरमधून गॅस भरणं. घरगुती गॅसमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेनही असतो. ४० अंशांना ब्युटेनचा दाब पावणेचार बारच्या आसपास, तर प्रोपेनचा साडेतेराच्या पुढे. जाड पत्र्याचं सिलिंडर तो सहज पेलतं, पण ब्युटेनसाठी केलेला पातळ डबा नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत पडलेला असेल तर काय होईल, ते सांगायला नको. शंभर-दोनशे रुपये वाचवायला हा फार महागडा मार्ग आहे.

तंबूच्या आत शेगडी पेटवू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाऊस आला की सगळे विसरतात. कापड पेटण्याची भीती आहेच. त्याहून वाईट म्हणजे कोंडलेल्या जागेत अपुरं जळण होऊन तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड वाटू लागतं आणि माणूस समजतो, चढण्याचा शीण असेल. ज्योत पिवळी पडून पातेल्याचं बूड काळं होऊ लागलं, तर जळण नीट होत नाही हे ओळखावं.

देखभाल म्हणावी तर फारशी नाही. दूध उतू गेलं की बर्नरची भोकं बुजतात. तो गार झाल्यावर जुन्या टूथब्रशनं घासून पूर्ण कोरडा करावा. जेटच्या भोकात शिवणाची सुई घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. स्क्रूच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग भेगाळलेली नाही ना, हे निघण्याआधी घरीच पाहावं. डबा हातानंच फिरवून बसवावा, पक्कड लावू नये. मग सांध्यावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गळती आहे. वापरून झाल्यावर शेगडी गार होऊ द्यावी आणि डबा काढूनच सॅकेत ठेवावा.

डब्यात किती गॅस उरला, हे हलवून कळत नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. नव्या डब्याचं वजन करून त्यातून छापील गॅसचं वजन वजा करायचं आणि उरलेला आकडा मार्करनं डब्यावरच लिहून ठेवायचा. वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला दहा-पंधरा ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात दोघांचे दोन-तीन दिवस आरामात निघतात.

राहता राहिला प्रवास. २६ ऑगस्ट २०२३च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी रेल्वेडब्याला आग लागली आणि नऊ जण गेले. लखनौहून आलेल्या त्या डब्यात गॅस सिलिंडर चोरून आणलं होतं. रेल्वे कायद्याचं कलम १६४ यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं आणि छोटा डबाही गॅसचाच. विमानात तर तो सामानातही चालत नाही, हातातही नाही. स्क्रूचे डबे मनाली, लेह, डेहराडूनच्या दुकानांत मिळतात, तेव्हा इथून धुऊन कोरडी केलेली नुसती शेगडी न्यावी आणि विमानानं जायचं तर तीही कंपनीला आधी विचारून. काडेपेटीसुद्धा तिकडेच घ्या. आपल्याकडे तीही विमानात नेता येत नाही.